उरलेलं अर्धं भांडं

माझ्या कामाची चित्रं फार सुंदर दिसतात, आणि मला ती आता पाहवत नाहीत. एक उभं, घरापेक्षा उंच भांडं, त्यात लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या रंगांची नुसती घुसळण. पावडर कशी वर उसळते, हवा तिच्यातून कशी वाट काढते, कुठे दाटी होते, कुठे पोकळी पडते, हे सगळं पडद्यावर हलतं. मीटिंगमध्ये ते लावलं की समोरचे अधिकारी खुर्चीत पुढे सरकतात आणि कुणीतरी 'वा' म्हणतं. त्या 'वा'ची मला शिसारी येते. पूर्वी यायची नाही. पूर्वी मी त्याच्यासाठी लाल रंग मुद्दाम जरा भडक करायची.

मी वसमतला, आईवडिलांच्या घरी, माडीवरच्या खोलीत बसून हे काम करते. कंपनी पुण्याची आहे. तेल शुद्ध करणाऱ्या मोठमोठ्या कारखान्यांना आम्ही सल्ला देतो. कच्च्या तेलातला हलका भाग निघून गेल्यावर खाली जे डांबरासारखं जड उरतं, ते तोडून त्याचं पेट्रोल करायचं असतं. त्यासाठी पिठाहून जरा जाड अशी एक तापलेली पावडर लागते. तिच्यावर तेल फवारलं की तेल तुटतं आणि पावडरीवर काजळी धरते. मग ती पावडर दुसऱ्या भांड्यात न्यायची, खालून हवा सोडायची, काजळी जाळायची आणि पावडर परत पहिल्या भांड्यात धाडायची. हे चक्र वर्षानुवर्षं थांबत नाही. खालून हवा लागली की ती पावडर पाण्यासारखी उकळते. आत आग असल्यामुळे डोकावून बघायची सोय नाही, म्हणून आम्ही ते भांडं संगणकात उभं करतो आणि आत काय चाललं असेल ते गणितानं काढतो. आई शेजारणींना सांगते, "आमची पोरगी कंप्युटरवर तेल काढती." मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा खूप हसले होते आणि ऑफिसात सगळ्यांना सांगितलंही होतं. आता आई तसं म्हणाली की मी खाली मान घालून चहा पिते.

हे गणित कसं होतं ते सांगायला हवं, कारण संगणक सांगतो म्हणजे खरंच असणार, असा लोकांचा समज आहे. भांड्याचे लाखो बारीक चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात हवा किती, पावडर किती, कोण कोणाला ढकलतं, याचा हिशोब संगणक करतो. पण हवा एका दाण्याला नेमकी किती ओढते, हे कुणालाच धड माहीत नाही. त्यासाठी सूत्रं आहेत, आणि सूत्रात एक आकडा असा असतो की तो आपल्या हातानं कमीजास्त करता येतो. कारखाना सांगतो, आमच्या भांड्याच्या बुडाशी दाब इतका आहे. आपल्या गणितात तितका येत नसतो. मग तो आकडा थोडा पिळायचा, पुन्हा गणित लावायचं, पुन्हा पिळायचं, आणि जुळलं की हात झटकून उठायचं. याला आमच्यात कॅलिब्रेशन म्हणतात. शाळेत मागच्या पानावरचं उत्तर बघून गणित सोडवलं की गुरुजी पट्टी मारायचे. इथे त्याची पगारवाढ मिळते.

दुसरी युक्ती याहून बरी नाही. भांडं गोल असतं. मधोमध उभं चिरलं तर डावं अंग आणि उजवं अंग सारखंच असणार, असं धरून चालायचं. मग अर्ध्याच भांड्याचं गणित करायचं आणि उरलेलं अर्धं आरशात पाहिल्यासारखं उलटं करून जोडायचं. वेळ निम्मा लागतो. अहवालातल्या चित्रात मात्र भांडं पूर्ण दिसतं, आणि त्यातलं अर्धं कधी मोजलंच नव्हतं हे कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षी जे काम माझ्याकडे आलं, त्यातल्या भांड्याला पावडर आणणारी नळी तिरपी बसवलेली होती. नकाशात ते स्वच्छ दिसत होतं. तिरपी नळी म्हणजे पावडर एका अंगाला जास्त जाणार, म्हणजे डावं-उजवं सारखं नाही. मी आमच्या साहेबांना तसं सांगितलं. साहेब पुण्यात बसतात, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, बोलायला गोड. ते म्हणाले, "एवढ्याशा तिरपेपणानं काय होणार आहे मॅडम, सरळ धरा. तारीख डोक्यावर आली आहे." मी नळी सरळ केली. साहेबांनी सांगितलं हे खरं, पण माउस माझ्याच हातात होता.

कारखान्याचा प्रश्न साधा होता. बऱ्याच वर्षांनी ते भांडं बंद करून, थंड करून, आतून साफ करायचं होतं. पोलादी पत्रा तापू नये म्हणून भांड्याला आतून सिमेंटसारखा जाड थर दिलेला असतो. पावडर जोरानं घासली की तो थर झिजतो. झीज तपासायची तर आत उंचच उंच पहाड, म्हणजे पाइप-फळ्यांची परांची, बांधावा लागतो, आणि त्यात दिवस जातात. कारखान्याला विचारायचं होतं की पहाड दोन्ही अंगांना बांधायचा की एकाच. कोणतं उत्तर आवडेल हे त्यांच्या बोलण्यातून कळत होतं. माझ्या चित्रात डावी भिंत आणि उजवी भिंत केसाइतकीसुद्धा वेगळी नव्हती. असणार कुठून, उजवी भिंत हे डावीचंच प्रतिबिंब होतं. मी लिहिलं, 'दोन्ही बाजूंची झीज समान आहे. एका बाजूची तपासणी पुरेशी ठरेल.' डाव्या अंगाला पहाड बांधायचं ठरलं. उजव्या भिंतीखाली जी माणसं फावडी घेऊन साफसफाईला उतरणार होती, त्यांच्या डोक्यावर प्लास्टिकच्या टोपीखेरीज काही असणार नव्हतं. ती माणसं माझ्या मनातही आली नाहीत.

त्या माणसांत माझे दाजी होते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं गाव वारंगा फाट्यापासून जवळच आहे. लग्न झालं तेव्हा ते ऊसतोडीला जायचे. नंतर त्यांच्याच मुकादमानं नवीन धंदा धरला. ऊस तोडायला टोळ्या न्यायच्या त्याऐवजी, कारखान्यांच्या शटडाऊनला टोळ्या न्यायच्या. कारखाना बंद ठेवला की एकेक दिवस त्यांना जड जातो, म्हणून भराभर साफसफाई करणारे काटक गडी लागतात, आणि काटक गडी आमच्याकडे पुष्कळ. फाट्यावरून बस भरायची. दाजी त्या टोळीतले सगळ्यात जुने. कुठल्या कारखान्यात जाता, हे मी त्यांना इतक्या वर्षांत कधी नीट विचारलं नव्हतं. ते 'समुद्राकडं' म्हणायचे आणि आम्हाला तेवढं पुरायचं.

आमचं नातं थट्टेचं. मेहुणी म्हणून त्यांनी माझी चेष्टा करायची आणि मी त्यांची. मी पीएच.डी. झाले तेव्हा त्यांनी सगळ्या भावकीत सांगितलं होतं की आता आमची मेहुणी इंजेक्शन द्यायला मोकळी झाली. घरी आले की आई त्यांना खुर्चीवर बसवते, आधी पाणी मग चहा, आणि जाताना टॉवेल-टोपी केल्याशिवाय सोडत नाही. कपाटात टोप्यांची चळत झाली असेल, पण जावयाचा मान म्हणजे मान. टॉवेल मात्र वाया जात नाहीत. पावडर मास्कच्या कडेनं आत शिरते म्हणून ते तोंडाला आधी टॉवेल बांधतात आणि वरून मास्क लावतात, हे मला बहिणीकडून कळलं होतं.

शटडाऊनला जायच्या आधी डॉक्टरांचा दाखला लागतो, म्हणून ते वसमतला आले होते. दवाखान्यातून घरी आले, जेवले आणि मला हाक मारत वर आले. आमचं काम बाहेरच्या माणसाला दाखवायची परवानगी नसते. तशी सही करून दिलेली असते. पण दाजी म्हणजे बाहेरचे, असं काही माझ्या डोक्यात आलं नाही आणि मी पडदा झाकला नाही. ते खुर्चीमागे उभे राहून बराच वेळ बघत होते.

"हे आमचं भांडं हाय," ते म्हणाले.

मी हसले. म्हटलं, "दाजी, अशी भांडी शंभर ठिकाणी असतात."

"असतेल. पन ही नळी तिरपी आसंल बघ, तू सरळ काढली. आन् हे आत शिरायचं भोक, त्याच्या वर लागूनच दुसरं झाकन. आत तीन लोंबत्या नळ्या, त्यातली मधली आखूड."

मी मूळ नकाशा उघडला. तिरपी नळी मी सरळ केली होती, हे कंपनीत माझ्याशिवाय फक्त साहेबांना माहीत होतं. मधली नळी आखूड होती. मी गावाचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. तोच कारखाना.

"हे आर्धंच काहून काढलं?" त्यांनी विचारलं. तेव्हा पडद्यावर गणिताचं मूळ चित्र होतं, आरसा लावायच्या आधीचं.

"उरलेलं अर्धं तसंच असतं, दाजी."

"कोन म्हन्लं?"

"सगळे असंच करतात."

"सगळे आत गेलते का?"

त्यांनी हे टोमणा मारायला विचारलं नव्हतं. त्यांना खरंच वाटलं की असतील कुणी गेलेले. मग ते स्टूल ओढून बसले आणि पडद्यावर बोट ठेवून सांगू लागले. "ह्या भोकातून आत गेलं की डाव्या हाताला ढीग असतोय पावडरीचा. दर खेपेला तिथंच. फावडं मारून मारून कंबर जाती. उजव्या हाताला भुई साफ, झाडून काढल्यावानी. आन् उजवीकडली भिंत बघावं तर पलिस्तर खाल्लेलं. आतल्या लोखंडी कड्या उघड्या पडल्यात. त्याच्या खपल्या सुटत्यात वरून. मागल्या टायमाला एक पडली माझ्या बाजूला. परातीयेवढी व्हती."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"सुपरवायझरला सांगितलं की. तो म्हन्ला, तू पावडर भर."

मला दुसऱ्या कुणाच्या समजावण्याची गरज नव्हती. ढीग राहतो, म्हणजे त्या अंगाला हवा पोचत नाही. तळाशी हवेची तोंडं असतात, त्यातली डावीकडची बुजली असणार. मग सगळी हवा उजवीकडून जोरानं उसळते आणि पावडरीसकट भिंतीला घासत वर जाते. तिरपी नळी त्यात भर घालते. मी ज्या भिंतीवर पहाड नको असं लिहून दिलं होतं, तीच भिंत झडत होती. लाखो चौकोन, चार महिने, आणि हे सगळं एका फावड्यानं आधीच शोधून ठेवलेलं होतं. मला माझीच इतकी घाण वाटली की मी पडदा बंद केला.

"यंदा त्या भिंतीकडं पहाड नाही बांधणार ते," मी म्हणाले.

"मंग कसं? आमी खालीच असतो." मग मला धीर द्यावा तसं म्हणाले, "तू सांग की त्यांला. तुजं ऐकतेल. आमचं कोन ऐकून राहिलंय." आणि खाली जाऊन आईकडून टॉवेल-टोपी घेऊन ते निघून गेले. बस निघायला दोन आठवडे होते.

मी पूर्ण भांडं लावलं. नळी तिरपी केली. पुण्याच्या मशीनवर दोन दिवस गणित चाललं, आणि निघालं काय, तर फरक थोडासाच. ढीग नाहीच. मग मी डावीकडची हवेची काही तोंडं बंद केली. कोणती, तर दाजींनी बोटानं दाखवलेल्या जागेखालची. थोडा ढीग आला. आणखी दोन बंद केली. आता ढीगही आला आणि उजव्या भिंतीवर भडक लाल पट्टाही उमटला. म्हणजे खोटं उत्तर जसं पिळून काढलं होतं, तसंच खरं उत्तरही पिळूनच काढलं. फरक एवढाच की या वेळी मागच्या पानावर दाजींचं उत्तर होतं.

साहेबांना फोन केला. आधीचा अहवाल चुकला, असं सांगितलं. ते म्हणाले, "चुकला असं म्हणायचं नाही. सुधारित अभ्यास म्हणायचं." माणसं कुठे उभी राहणार आहेत तेही मी सांगितलं. ते म्हणाले, "हो हो, सेफ्टीचा मुद्दा चांगला आहे, तो एका स्लाइडवर घ्या." त्यांचा आवाज नेहमीसारखाच गोड होता.

मीटिंग सकाळी अकराला होती. पडद्यावर कारखान्याचे तीन अधिकारी, आमचे साहेब आणि मी. माझ्या खोलीचं दार लावलेलं होतं, खाली आई कुणाशी तरी बोलत होती. मी चित्र लावलं. 'वा' झालं. मग कारखान्याचे जे मुख्य अधिकारी होते, वयानं मोठे, कमी बोलणारे, त्यांनी विचारलं, "आधीच्या अहवालात दोन्ही भिंती सारख्या होत्या. आता ही तोंडं तुम्ही कशाच्या आधारावर बंद धरलीत?"

योग्य प्रश्न होता. पहिल्या अहवालाच्या वेळी कुणी असाच प्रश्न विचारला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. उत्तर दोन वाक्यांचं होतं. मी भांडं अर्धंच मोजलं होतं. नळी तिरपी असताना मी ती सरळ धरली होती. ही दोन वाक्यं माझ्या तोंडापर्यंत आली होती, हे मी शपथेवर सांगते. साहेब पडद्यातून माझ्याकडे बघत होते. ते भुवई वर करून, अगदी बारीक, मान हलवत होते. नको.

मी म्हणाले, "साइटवरच्या एका लेबरचं निरीक्षण आहे."

"कोणता लेबर?"

"कॉन्ट्रॅक्टवरचा. शटडाऊनच्या टोळीतला. तो आत जाऊन आलेला आहे."

'तो' म्हणाले मी. ज्या माणसाला माझी आई खुर्ची पुसून देते, त्याला.

अधिकारी म्हणाले, "नाव असेल तर नोंद करता येईल. ऐकीव गोष्टीवर पहाड वाढवता येत नाही." आणि मी नाव सांगितलं. मुकादमाचं सांगितलं, मग दाजींचं सांगितलं, आडनावासकट. त्यांनी लिहून घेतलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या ओळखीचे आहेत का?"

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की त्यांना आमचं भांडं तुम्ही दाखवलं कसं. माझी सही केलेला कागद कंपनीत होता. मी म्हणाले, "नाही, कामाच्या निमित्तानं कळलं."

दोन्ही अंगांना पहाड बांधायचं आणि त्याखाली जाळी लावायचं ठरलं. साहेबांनी नंतर फोन करून शाबासकी दिली. खरं सांगायचं तर त्या दुपारी मला बरं वाटलं. दाजींच्या डोक्यावर आता जाळी असणार, असं म्हणून मी पोटभर जेवले. नाव सांगितलं म्हणूनच काम झालं, असंही मनाशी म्हणाले. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो, त्याला तोड नाही.

बस निघायच्या दिवशी बहिणीचा फोन आला. दाजी सकाळीच बॅग घेऊन फाट्यावर गेले होते. टोळी बसमध्ये बसली होती. मुकादमाच्या फोनवर यादी आली, तीत सगळ्यांचे गेटपास होते, दाजींचा नव्हता. कारखान्यानं त्यांचं नाव कायमचं काढून टाकलं होतं. आतली माहिती बाहेर दिली, एवढंच कारण. मुकादमानं स्वतःच्या हातानं त्यांची बॅग बसमधून खाली ठेवली. बहीण म्हणाली, "कुनाच्या तरी गाडीवर बसून परत आले. जेवले न्हाईत. बाजेवर बसून ऱ्हायलेत. तुला काही कळतंय का गं ह्यातलं?"

"नाही," मी म्हणाले. एकदा नाही म्हटलं की दुसऱ्यांदा सोपं जातं.

महिन्याभरानं कारखान्याकडून फोटो आले. उजव्या अंगाला पहाड चढवून बघितलं तर भिंत वीतभर नव्हे, चांगली पुरुषभर उघडी पडलेली. मोठमोठ्या खपल्या कड्यांना नुसत्या लटकत होत्या. आधी जाळी बांधून त्या पाडल्या, मग खाली टोळी उतरवली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आमच्या कंपनीनं माझं लाल पट्ट्याचं चित्र आणि तो फोटो शेजारी शेजारी लावले, खाली लिहिलं की आमच्या मॉडेलनं झीज आधीच ओळखली, आणि आता प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ती स्लाइड पहिली दाखवतात. ती दाखवायचं काम माझ्याकडे आहे. दाखवताना दर वेळी 'वा' येतं, आणि मी 'थँक्यू' म्हणते. साहेबांचा मला राग येतो, त्या अधिकाऱ्यांचा येतो, सांगणाऱ्यालाच दाराबाहेर काढणाऱ्या त्या कारखान्याचा येतो. पण तो राग स्वच्छ नाही. तो मी माझ्यावरून वळवून त्यांच्यावर नेऊन ठेवते, हे मला राग आलेला असतानाही कळत असतं.

या लिखाणात मी कुणाचंच नाव घातलेलं नाही. कंपनीचं नाही, कारखान्याचं नाही, साहेबांचं तर नाहीच. इतकी सावध आहे मी.

उन्हाळ्यात दाजी आले. आईनं बोलावलं होतं. आता ते गावातच दुसऱ्याच्या शेतावर हळद शिजवायच्या कामाला जातात. हातांना पिवळा रंग चढला होता. आईनं खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी माझी थट्टा केली नाही. जेवण झाल्यावर वर आले आणि दारातच उभे राहिले. पडद्याकडे बघायचं टाळत होते. मी बसा म्हटलं तेव्हा बसले.

"ती भिंत बघितली म्हनं त्यांनी. पोरं सांगत व्हती. जाळी बांधली व्हती म्हनं," ते म्हणाले.

"हो."

"बरं झालं. तू सांगितलं म्हनून झालं." मग म्हणाले, "माजा पास काहून कटला, कुनी सांगंना. मुकादम म्हन्तो, वरून नाव आलं. मला वाटतं टोळीतल्याच कुनीतरी चुगली केली. माज्या जोडीदाराचा डौट येतो मला. मी तुज्याकडं येऊन गेलो, हे त्याला येकट्यालाच सांगितलं व्हतं."

हा जोडीदार मी पाहिलेला आहे. ऊसतोडीच्या दिवसांपासून दोघं एकाच पाचटाच्या कोपीत राहिलेले, एका ताटात जेवलेले. त्या दिवशी बसमध्ये तो होता, आणि दाजींची बॅग खाली आली तेव्हा त्यानंच मुकादमाशी भांडण केलं होतं, असं बहिणीनं मला सांगितलं होतं. दाजींच्या मते ते भांडण म्हणजे नाटक.

"बोलनं बंद केलं मी त्याच्याशी," दाजी म्हणाले. "पन खात्री पायजे. तुजं त्या लोकायशी बोलनं असतंय. येक डाव इचारून बघ, माजं नाव कुनी घेतलं."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे अगदी विश्वासानं बघत होते, घरातलं शिकलेलं एकच माणूस म्हणून.

"विचारते," मी म्हणाले.

तो जोडीदार दोनदा त्यांच्या दारी येऊन गेला. दाजी आतून बाहेर आले नाहीत. त्याच्या मुलीच्या लग्नालाही गेले नाहीत, बहिणीला एकटीला पाठवलं. परवा त्यांचा फोन आला होता, आईच्या तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, "कळलं का गं काही?"

मी म्हणाले, "न्हाई दाजी, अजून न्हाई."